प्राचार्यांची नाडी

“यात काही वेगळं दिसतं का, हिंगमिरे मॅडम?” प्राचार्य बिडकरांनी मनगट माझ्यापुढे धरून विचारलं.

पांढरी तबकडी, दोन काटे, काळा चामडी पट्टा. खालच्या बाजूला एक बारकी तबकडी आणि तिच्यात एकच काटा, शून्यापासून शंभरापर्यंत फिरणारा. एवढं सोडून मला काहीच वेगळं दिसलं नाही, आणि तसं मी सांगितलं.

“हाच त्याचा पहिला गुण. लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, बार्शीपासून तासाभराच्या अंतरावर. मी तिथं पदार्थविज्ञान शिकवत होते, तेही घड्याळी तासिका तत्त्वावर. म्हणजे ज्या तासाला शिकवायचं त्या तासापुरती मी प्राध्यापक. मधल्या वेळात मी कोण, हे कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नव्हतं. अशी पाच वर्षं काढली होती. त्या जुलैत कायमची एक जागा भरायची होती, एकवीस तारखेला मुलाखती होत्या, आणि अध्यक्ष अन् प्राचार्य दोघंही निवड समितीत होते.

संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्यानं पुण्यात घड्याळांची एजन्सी घेतली होती. दिसायला काट्यांचं साधं घड्याळ, पण आतून हुशार, असं काहीतरी नवं निघालं होतं. त्याचे साठ नग घेऊन शिक्षकदिनी कर्मचाऱ्यांना वाटायचे, त्याला आरोग्य संवर्धन योजना म्हणायचं आणि पुढं येणाऱ्या मूल्यांकन समितीला दाखवायचं, असा बेत. खरेदी ठरलेलीच होती. पण ठरण्याआधी सखोल अभ्यास झाला होता, असा कागद फायलीत असायला हवा होता. म्हणून भाच्यानं दोन नमुने पाठवले. एक प्राचार्यांनी वापरायचं, दुसरं मी. आणि महिनाअखेर गुणदोषांचा अहवाल मी लिहायचा. कारण विषय विज्ञानाचा होता, आणि नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नसलेली विज्ञानाची माणूस मी एकटीच होते.

घड्याळ वाईट नव्हतं. रोज चार्जिंगला लावायची कटकट नाही, एका सेलवर महिनोन्‌महिने चालायचं. वर्गात हातावर दिवा पेटत नाही, मुलांचं लक्ष जात नाही. फोन आला की मनगटाला बारीकशी थरथर व्हायची. मात्र फोन कुणाचा ते सांगायचं नाही, त्यामुळे पर्स उघडून फोन काढावा लागायचाच, मग थरथरून काय मिळवलं ते कळायचं नाही. अंधारात काटे दिसत नसत. त्या बारक्या तबकडीतला काटा दहा हजार पावलं झाली की शंभरावर जायचा. आणि मागच्या बाजूला कातडीला टेकलेला हिरवा दिवा दिवसभर नाडीचे ठोके मोजायचा, पण ते ठोके घड्याळावर कुठंच उमटत नसत. सगळं पोटात साठवायचं आणि आपला फोन जवळ आला की त्याला सांगून टाकायचं. ज्याच्या हातात घड्याळ त्याला पत्ता नाही. ज्याच्या खिशात फोन त्याला सगळं ठाऊक. मी हे दोषांमध्ये लिहिलं होतं. बिडकर सरांनी ते वाक्य लाल शाईनं खोडलं. “यात दोष कसला?” ते म्हणाले. “उलट माणूस उगाच घाबरत नाही.”

अध्यक्षांना चालण्याचं वेड होतं. त्यांनी फर्मान काढलं की रोज रात्री पावलांचा आकडा आणि दर सोमवारी सगळा तक्ता त्यांच्या फोनवर आला पाहिजे. मी तशी सोय करून दिली. सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या फोनमधला तक्ता आपोआप अध्यक्षांना आणि मला यायचा. केबिनपासून गाडीपर्यंत चाळीस पावलं, हे बिडकर सरांचं रोजचं चालणं. पहिल्या दिवशी सबंध दिवसाची मिळून अकराशे पावलं भरली. अध्यक्षांची बारा हजार होती. त्यांनी फोन करून विचारलं, की प्राचार्य, तुम्ही जिवंत आहात ना? दुसऱ्या दिवसापासून बिडकर सर रोज चौदा हजार पावलं चालू लागले.

त्याचं गुपित मला गुरुवारी कळलं. मी जिन्यानं वर चढत होते आणि गहिनीमामा हातात पाण्याची कळशी घेऊन खाली येत होते. गहिनीनाथ ढवळे, आमचे शिपाई. पन्नाशी उलटलेला, काटक, सावळा माणूस. सव्वीस वर्षं कॉलेजात. घंटा द्यायची, नोटीस घेऊन दोन्ही इमारतींमधल्या वर्गावर्गात फिरायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाणी भरायचं, प्राचार्यांचा चहा आणायचा, सगळं त्यांच्याकडेच. कळशी धरलेल्या त्यांच्या डाव्या मनगटावर काळा पट्टा होता आणि पांढरी तबकडी.

मी विचारलं तर त्यांनी कळशी खाली ठेवून हात पुढे केला. सायबांनी दिलंय, म्हणाले. सकाळी आल्यावर घालायचं, संध्याकाळी परत द्यायचं. नवी गाडी घेतली की आधी जरा चालवून मोकळी करतात, तसं हे घड्याळ मोकळं करायचं चाललंय. केबिनच्या दाराशी स्टुलावर बसलं आणि साहेबांचा फोन वाजला, की आपल्या हाताला मुंग्या येतात, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. साहेबांच्या विश्वासातला माणूस झाल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. साधं घड्याळ म्हणून कुणाचंच त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. पहिला गुण मी बरोबर लिहिला होता.

नऊ तारखेच्या सोमवारी पहिल्या पूर्ण आठवड्याचा तक्ता आला. पावलांच्या रकान्यात सगळीकडे चौदा हजार, पंधरा हजार. शेजारी नाडीचा रकाना, आणि त्यात अकरा लाल खुणा. बसल्या जागी ठोके मिनिटाला अडतीस. एकदा चौतीस. मध्येच अनियमित. रात्रीचे ठोके मात्र एकदम शहाण्यासारखे. मी तक्ता दोनदा पाहिला. हिरव्या दिव्याचं मोजमाप, चुकलं असेल, असं म्हणून फोन ठेवून दिला आणि तासाला गेले.

अध्यक्षांनी तो ठेवून दिला नाही. दुपारपर्यंत त्यांनी बिडकर सरांच्या बायकोला फोन केला, तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि बार्शीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर काझी मॅडमची वेळ ठरली. दवाखान्यात दाखल व्हायचं फर्मान खुद्द अध्यक्षांचं. बिडकर सरांपुढे दोन वाटा होत्या. ती नाडी आपली नाही, शिपायाची आहे, हे सांगायचं. किंवा गुपचूप दवाखान्यात जायचं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

“मॅडम, या घड्याळाच्या बाबतीत तुम्ही काही वेगळं पाहिलंय का?”

“काय सर?”

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून खिशात घातला.

“बरोबर,” ते म्हणाले आणि दवाखान्यात गेले.

तीन दिवस त्यांच्या छातीला तारा लावल्या होत्या. सगळ्या तपासण्या झाल्या. फिरत्या पट्ट्यावर चालवण्याची तपासणी झाली तेव्हा ते सलग नऊ मिनिटं चालले. माझ्या माहितीप्रमाणे त्या महिन्यातलं त्यांचं तेच सर्वात मोठं चालणं. हृदय ठणठणीत निघालं. काझी मॅडम चक्रावल्या. त्यांनी अध्यक्षांकडून तक्ता मागवून घेतला, बारकाईनं पाहिला आणि लाल खुणा फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेतच येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी कामाचा ताण असं निदान केलं. मग अध्यक्षांनी हुकूम सोडला की प्राचार्यांनी दुपारनंतर घरीच विश्रांती घ्यावी आणि सह्यांच्या फायली शिपायानं घरी नेऊन द्याव्यात. प्राचार्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर.

पण हे नंतर. सर दवाखान्यात असताना पहिल्याच दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला. ते इतकं हळू बोलत होते की मला आधी वाटलं, खरंच काहीतरी झालंय. घाईत घड्याळ गहिनीच्या हातातच राहिलं होतं. फोनजवळ परत आलं की ते आता सगळं ओकणार. प्राचार्य खाटेवर आणि पावलं चौदा हजार, असं अध्यक्षांना दिसलं तर कसं व्हायचं? मी घड्याळ काढून ठेवू का, असं विचारलं. तर नको, म्हणाले. मग एकही ठोका दिसणार नाही, तेही वाईट दिसेल. घड्याळ हातातच राहू दे, गहिनीला चालू देऊ नका.

म्हणून तीन दिवस गहिनीमामा ग्रंथालयाबाहेर स्टुलावर बसले. घंटा दुसऱ्यानं दिली, पाणी दुसऱ्यानं भरलं. सव्वीस वर्षांत त्यांना अशी विश्रांती मिळाली नव्हती, आणि ती मिळाली प्राचार्यांच्या अब्रूसाठी. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा नेऊन दिला, तर म्हणाले, “मॅडम, लई दिसांनी बरं वाटतंय बगा. छातीवरचा धोंडा उतरल्यावानी.”

मी विचारलं, धोंडा कधीपासून होता? ते म्हणाले, चैत्रापासून. जिना चढला की डोळ्यांपुढं काळं यायचं. वय झालं, दुसरं काय.

मी कप घेऊन परत आले.

सोळा तारखेला सभागृहात सत्कार झाला. आमच्या गावच्या पेपरात आदल्या दिवशी बातमी आली होती: घड्याळानं वाचवले प्राचार्यांचे प्राण. काय वाचवलं आणि कशापासून, ते बातमीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. अध्यक्ष बोलले, भाचा बोलला, मग बिडकर सर उठले. नियमित चालण्यानं माझं हृदय बळकट राहिलं, म्हणून मी या प्रसंगातून तरलो, असं ते म्हणाले आणि त्यांनी हात छातीवर ठेवला. मला वाटतं, तोवर त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. सभागृहातल्या अडीचशे खुर्च्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आणल्या होत्या आणि कार्यक्रमानंतर परत वर न्यायच्या होत्या. त्या दिवशी प्राचार्य एकोणीस हजार पावलं चालले. अध्यक्षांनी त्यांना फोन करून दटावलं, की एवढं करू नका, जपा.

अहवालातला गुणांचा भाग तोवर दोन पानांचा झाला होता. ‘जीवरक्षक’ हा शब्द सरांनी स्वतः सुचवला.

एकोणीस तारखेला, गुरुवारी, गहिनीमामा जिन्यात पडले. हातात जर्नलांचा गठ्ठा होता. पाय घसरला नव्हता. ज्या मुलींनी पाहिलं त्या म्हणाल्या की मामा चढता चढता थांबले, कठड्याला धरायला हात पुढे केला आणि तसेच मागे कोसळले. डावं मनगट मोडलं. गुरुवारचा उपास असेल, असं ऑफिसातल्या हेडक्लार्कनं ठरवून टाकलं. सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. बिडकर सर पाहायला गेले होते. तिथून आल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, की पडूनही घड्याळाच्या काचेवर एक ओरखडा नाही. गुणांमध्ये ‘मजबूत’ घाला.

शनिवारी मुलाखती झाल्या. शनिवारी गहिनीमामा कामावर होते, कारण बाहेरून समिती आली होती आणि चहापाणी बघायला त्यांच्याइतका जाणता दुसरा कुणी नव्हता. माझी पाळी आली तेव्हा त्यांनीच पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला. डावा हात गळ्यात बांधलेला. घड्याळ उजव्या हातात. विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञांनी मला विचारलं, मोजमापातली चूक किती प्रकारची असते? एक उपकरणाची, एक मोजणाऱ्याची, असं मी सुरू केलं आणि उदाहरणं देत देत दहा मिनिटं बोलले. तज्ज्ञ मान डोलावत होते. अध्यक्ष खूश दिसले. बिडकर सर माझ्याकडे बघून हसले. संध्याकाळपर्यंत मला कळलं, की जागा माझी झाली.

सोमवारी सकाळी मी गहिनीमामांच्या घरी गेले. दवाखान्यात चला, म्हटलं. ते नको म्हणत होते, पण त्यांची बायको पारूबाई उठली आणि तिनं त्यांची टोपी त्यांच्या हातात दिली. एसटीनं आम्ही तिघं बार्शीला गेलो. काझी मॅडमनी कार्डिओग्राम काढला आणि कागद टेबलावर पसरला. मग त्यांनी आपला फोन उघडला, त्यातला एक तक्ता शोधला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

“हे ठोके मी ओळखते,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस मी हेच शोधत होते. भलत्याच माणसाच्या छातीत.”

त्यांनी मामांना विचारलं, प्राचार्यांचं घड्याळ तुम्ही घालत होता का? मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग हो म्हणाले. कधीपासून, ते विचारलं. तर साहेबांना मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि समजावून सांगितलं. हृदय चालवणारा विजेचा निरोप मध्येच कुठंतरी अडतोय, म्हणून ठोके गळताहेत, म्हणून चक्कर येते. जिन्यात पडलात ते नशीब. रस्त्यात पडला असता तर मागून येणारी गाडी थांबली नसती. आजच्या आज सोलापूरला जायचं, छातीत पेसमेकर बसवायचा. “घड्याळ पहिल्या आठवड्यापासून सांगत होतं,” त्या म्हणाल्या आणि कागद पाकिटात घातला.

तिथूनच मी बिडकर सरांना फोन केला. मला वाटलं होतं, ते घाबरतील. वाचेल ना, असं त्यांनी विचारलं. वाचतील, मी म्हटलं. मग त्यांच्या आवाजात जीव आला. माझी गाडी पाठवतो, म्हणाले, आणि खरंच पाठवली. फोन ठेवण्याआधी म्हणाले, “मॅडम, मग अहवालात आपल्याला दोन जीव वाचले असं लिहिता येईल.”

शस्त्रक्रिया बुधवारी झाली, व्यवस्थित झाली. शिक्षकदिनी साठ घड्याळं वाटली गेली. मूल्यांकन समितीनं योजनेचं कौतुक केलं. वर्षभरात त्यातली बरीचशी टेबलांच्या खणात गेली. बिडकर सर सन्मानानं निवृत्त झाले आणि अजूनही कुठं बोलायला उभे राहिले की हृदयविकारातून आपण कसे उठलो ते सांगतात. हे सगळं मी गेल्या आठ वर्षांत कितीतरी जणांना सांगितलं आहे. रंगवून सांगते मी. लोक पोट धरून हसतात. मात्र नेहमी इथंच थांबते.

त्या शुक्रवारी मी सोलापूरला गहिनीमामांना भेटायला गेले होते. मोसंबी घेतली होती. सामान्य कक्षात खिडकीजवळची खाट होती, ते उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर रंग आला होता. पारूबाईंनी मला स्टूल दिलं आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, की पोरी, तुझ्यामुळं माझं कुंकू राहिलं. मी काहीतरी बोलले, कुणीही केलं असतं, असंच काहीसं. त्या पाणी आणायला बाहेर गेल्या.

“डाक्टरीणबाई म्हनल्या, घड्याळ पयल्या हप्त्यापसून सांगत व्हतं,” मामा म्हणाले.

“हो.”

“त्या फोनमदी यायचं ते. सायबांच्या.”

“हो. दर सोमवारी.”

“तुमच्या फोनमदी पन यायचं का?”

मी हो म्हटलं.

“मंग तुमाला कवा कळलं, मॅडम?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नोटीस कुठल्या वर्गात न्यायची ते विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं. खोटं बोलायला मला वेळ होता. पण मी म्हटलं, नऊ तारखेला.

त्यांनी प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे पाहिलं. मनात काही जुळवत असावेत.

“आन तुमची मुलाखत एकवीसला व्हती.”

“हो.”

“मला नेलं ते सोमवारी. तेवीसला.”

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नर्स सुई टोचत होती, तो कण्हला.

“झालं का काम?” त्यांनी विचारलं.

“झालं. कायम झाले.”

“बेस झालं,” ते म्हणाले. मग सावकाश, छातीवरचे टाके सांभाळत, ते कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पारूबाई पाणी घेऊन आल्या. त्यांचा डोळा लागला असेल, त्या हळूच म्हणाल्या. मी पाणी प्यायले आणि उठले.

दोन महिन्यांनी ते कामावर परतले. संस्थेनं त्यांना खालच्या मजल्यावर ग्रंथालयात बसवलं, जिने चढणं बंद झालं. तिथं ते पाच वर्षं होते. मला रोज सकाळी नमस्कार करायचे. पुस्तक मागितलं की शोधून, धूळ पुसून हातात द्यायचे. पण मी ‘मामा’ म्हणून हाक मारली की त्यांना ऐकू जात नसे. दोन-तीनदा हाक मारावी लागायची, आणि तरीही ते आपले कपाटात वाकून पुस्तकं लावत राहायचे. एकदा वर्ग ताटकळला होता आणि मी वैतागून म्हटलं, “ढवळे, ते प्रकाशशास्त्राचं पुस्तक द्या.” ते लगेच वळले. “जी मॅडम,” म्हणाले आणि पुस्तक आणून दिलं.

ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांना ढवळेच म्हणत राहिले.